विडीच्या कंत्राटामुळे निवडणूक रद्द झाली आणि बॅरिस्टर आंबेडकर भंडाऱ्यात उभे राहिले

डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडणूक हरले होते, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला तशी एखादी पोस्ट फिरतेच. १९५२ ला मुंबईत हरले, १९५४ ला भंडाऱ्यात हरले, एवढ्या दोन ओळी आणि खाली कमेंट्समध्ये मारामारी.

पण भंडाराच का? राहायला मुंबई आणि दिल्ली, वकिली मुंबईत, राजकारणही मोठ्या प्रमाणात मुंबई इलाख्यातलं. मग धान, तलाव आणि विड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात ते उभे कसे राहिले? आणि हरले, तर नेमके कशामुळे?

याचं उत्तर शोधायला गेलं की तुम्ही आधी एका कोर्टाच्या निकालात जाऊन पडता. बाबासाहेबांच्या आयुष्यात असं वारंवार होतं. कुठूनही सुरुवात करा, थोड्या वेळात कोर्ट येतंच. म्हणून ही गोष्ट भंडाऱ्याची असली तरी ती एका वकिलाची आहे.

मामला विडीचा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. १९५४ मध्ये भंडारा महाराष्ट्रात नव्हता, कारण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशात होते आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. गोंदियासुद्धा भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली.

पहिल्या लोकसभा निवडणुकीत भंडारा हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे.

या निवडणुकीला आव्हान दिलं गेलं. मुद्दे दोन होते, आणि दोन्ही इतके इरसाल आहेत की आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात.

पहिला मुद्दा जसानींचा. ते गोंदियाच्या मूलजी सिका आणि कंपनी या विडीच्या मोठ्या पेढीत भागीदार होते. ही पेढी लष्कराच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवायची. कायदा म्हणत होता की ज्याचा सरकारशी माल पुरवण्याचा करार आहे त्याला निवडणूक लढवता येणार नाही. जसानींच्या बाजूने युक्तिवाद झाला की हा करार राज्यघटनेत सांगितलेल्या पद्धतीने, राष्ट्रपतींच्या नावाने झालेलाच नाही, म्हणजे तो करारच नाही. सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. विड्या दिल्या जात होत्या, पैसे घेतले जात होते, मग उमेदवाराचं हितसंबंध गुंतलेलंच होतं, असा एकूण अर्थ.

दुसरा मुद्दा गंगाराम ठवरे यांचा. त्यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता आणि तो फेटाळला गेला होता. कारण काय, तर ते जन्माने महार असले तरी महानुभाव पंथात गेले होते, आणि महानुभाव पंथ जातिभेद मानत नाही. म्हणजे ठवरे आता महार राहिले नाहीत, म्हणजे अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, म्हणजे राखीव जागेवर उभे राहू शकत नाहीत. तर्क ऐकायला सरळ वाटतो. कोर्टाने मात्र वेगळे प्रश्न विचारले. त्यांच्या जुन्या समाजाने त्यांना बाहेर काढलं का? त्यांनी स्वतः समाजाशी संबंध तोडले का? पंथाचे नियम तसं करायला भाग पाडतात का? ठवरे तर महार समाजाच्या राजकारणातच वावरत होते. म्हणून कोर्टाने सांगितलं की पंथ घेतला तरी त्यांची जात सुटलेली नाही, अर्ज चुकीने फेटाळला.

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते विव्हियन बोस, नागपूरचे, आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल आला आणि भंडाऱ्याच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

आता पोटनिवडणूक होणार होती. आणि देशाचे माजी कायदामंत्री तेव्हा राज्यसभेत बसले होते, लोकसभेत नव्हे. लोकांमधून निवडून जायची इच्छा दोन वर्षांपूर्वी मुंबईत अपुरी राहिली होती.

सनदीलाही पैसे नव्हते

आता थोडं मागे जाऊ.

१४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत जन्म, वडील सुभेदार रामजी सकपाळ, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ, हा भाग तुम्ही शाळेत वाचलेला आहे. आपल्याला हवी आहे ती १९१६ ची नोंद. त्या वर्षी लंडनला अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या भीमरावांनी सोबतच ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टर होण्यासाठी नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये सगळं अर्धवट सोडून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी लागली, पण राहायला खोली मिळेना आणि पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

१९२३ मध्ये मुंबईला परतल्यावर मात्र हायकोर्टात वकिली सुरू करायला लागणारी सनद घ्यायचेही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले.

अमेरिकेची डॉक्टरेटच्या तोडीची पदवी, लंडनची डी.एस्सी., वर बॅरिस्टरी. आज एवढ्या पदव्यांचा माणूस आला तर मोठ्या लॉ फर्म दारात उभ्या राहतील. तेव्हा हायकोर्टात बॅरिस्टरला काम सॉलिसिटरमार्फत यायचं, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला तयार नसायचे. मग खटले यायचे ते छोटे, जिल्हा कोर्टांचे, कामगारांचे आणि गरिबांचे. घर चालावं म्हणून त्यांनी एका अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्याचे तासही घेतले. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचं ऑफिस होतं. ही सभा १९२४ ची. तिथे अशिलं यायची, आणि ज्यांची केस नाही पण अडचण आहे असे लोकही यायचे.

त्यांचे दोन खटले मला नेहमी शेजारी शेजारी ठेवून बघावेसे वाटतात.

पहिला १९२६ चा, पुण्यातला. दिनकरराव जवळकरांनी देशाचे दुश्मन नावाची पुस्तिका लिहिली होती आणि तिच्यात टिळक-चिपळूणकरांवर जहाल टीका होती. जवळकर, केशवराव जेधे वगैरे ब्राह्मणेतर चळवळीतल्या मंडळींवर बदनामीचा खटला झाला. समोर ल. ब. भोपटकरांसारखा वकील होता. बाबासाहेबांनी बचाव केला आणि ते जिंकले.

दुसरा १९३४ चा. र. धों. कर्वे समाजस्वास्थ्य मासिकात लैंगिक विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, पण त्या काळात त्यांच्या बाजूला उभं राहण्यात कोणालाच फायदा नव्हता, राजकारण करणाऱ्या माणसाला तर नव्हताच. बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक प्रश्नावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, ही भूमिका त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी मुंबई हायकोर्टात मांडली. ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला.

पण वकील म्हणून त्यांचा कस लागला तो त्यांच्या स्वतःच्या खटल्यात.

महाडला जमाव समोर, हातात कोर्टाचा हुकूम

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्याची घटना सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये काय झालं ते कमी सांगितलं जातं.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला होता. हजारो लोक चालत, बोटीने, मिळेल तसे महाडला निघाले होते. तेवढ्यात महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळं ही खाजगी मालमत्ता आहे, अस्पृश्यांना तिथे हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. दाव्यात प्रतिवादी होते खुद्द भीमराव रामजी आंबेडकर. परिषदेच्या आधी काही दिवस कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. तळ्यावर जायचं नाही.

त्या मंडपात आपण आहोत असं समजा. लोक घरून निघताना तुरुंगात जायची तयारी करून आलेत. सत्याग्रह करायचाच, असा लोकांचा कौल आहे. आणि समोरचा नेता व्यवसायाने बॅरिस्टर आहे. त्याला माहीत आहे की हा हुकूम अन्यायाचा असला तरी कोर्टाचा आहे, आणि दावा अजून चालायचा आहे.

बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला. मनुस्मृती जाळली, मिरवणूक तळ्याला वळसा घालून गेली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. जमलेल्या लोकांना हे पटवणं सोपं नव्हतं, आणि त्यावरून पुढेही टीका झाली. ते दावा लढत राहिले. महाडचं कोर्ट, ठाण्याचं जिल्हा कोर्ट, मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यावर बंदी असल्याची कुठलीही अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. जवळपास दहा वर्षं लागली.

मधल्या काळात ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवत होते, १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले. त्याच वर्षी मे महिन्यात रमाबाई गेल्या. गोलमेज परिषदा, समित्या, आंदोलनं यांत वकिली कायम मागे पडत गेली.

दुसऱ्या मताची गोष्ट

आता भंडाऱ्याकडे परत यायच्या आधी एक शेवटची गोष्ट समजून घ्यावी लागेल. ती समजली नाही तर १९५४ कळत नाही. गोष्ट आहे दोन मतांची.

बाबासाहेबांच्या सार्वजनिक कामाची सुरुवातच मताच्या हक्कापासून झाली. १९१९ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी ते साउथबरो समितीसमोर साक्ष द्यायला गेले, ती मताधिकार कोणाला द्यायचा याबद्दलचीच समिती होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मतदान मागितलं. तेव्हा मत फक्त जमीनदार, करदाते, शिकलेले अशा मूठभरांना होतं.

१९३२ मध्ये ब्रिटिशांनी जातीय निवाडा दिला. त्यात अस्पृश्यांना दोन मतं होती. एक मत स्वतःचा प्रतिनिधी निवडायला, फक्त अस्पृश्य मतदारांमधून. दुसरं मत सर्वसाधारण मतदारसंघात, इतर सगळ्यांसारखं. बाबासाहेबांना या दुसऱ्या मताचं महत्त्व फार वाटायचं. कारण सवर्ण उमेदवाराला अस्पृश्यांच्या दारात मत मागायला यावं लागलं असतं. त्या मताची किंमत राखीव जागांच्या संख्येपेक्षाही जास्त आहे, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं, २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण ते दुसरं मत गेलं. राखीव जागेवरचा उमेदवारही सगळ्यांच्या मतांनी निवडून येणार, हे ठरलं. पुढे घटनेतही पद्धत तीच राहिली. जागा राखीव, मतदार सगळे.

मग १९५२ ला दोन मतं परत आली, पण अगदी वेगळ्या रूपात. पहिल्या लोकसभेत असे ८६ मतदारसंघ होते जिथून दोन खासदार जायचे, भंडाऱ्यासारखे. तिथल्या प्रत्येक मतदाराला, जात कुठलीही असो, दोन मतपत्रिका मिळायच्या. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. हत्तीच्या पेटीत एक कागद टाकायचा, बैलजोडीच्या पेटीत दुसरा, अशी पद्धत. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एकच मोजला जायचा.

इथे एक पळवाट होती. कायदा म्हणत होता की आधी राखीव जागेसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो विजयी. मग उरलेल्या सगळ्यांत, म्हणजे त्या राखीव लढतीत हरलेल्यासकट, ज्याला जास्त मतं तो सर्वसाधारण जागेवर विजयी. समजा तुमचा उमेदवार राखीव लढतीत मागे पडतोय, तर तुम्ही तुमच्या मतदारांना सांगायचं की पहिलं मत आपल्याला द्या आणि दुसरं कोणालाच देऊ नका. ते वाया गेलं की सर्वसाधारण उमेदवारांची मतं कमी होतात आणि तुमचा माणूस त्या जागेवर वर सरकू शकतो. याला तेव्हाच्या राजकीय मराठीत शब्द होता, मत कुजवणे.

मुंबईत मतं कुजली

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. हिंदू कोड बिल रखडलं होतं, त्याशिवाय परराष्ट्र धोरण आणि मागासवर्गीयांकडे होणारं दुर्लक्ष हीसुद्धा कारणं होती. घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष राहिलेला माणूस आता विरोधी बाकावरून पहिल्या निवडणुकीत उतरला. पक्ष शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, चिन्ह हत्ती. मतदारसंघ मुंबई शहर उत्तर, दोन जागांचा. समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता सोबत होते.

राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले. त्यांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१. मेहताही काँग्रेसच्या विठ्ठल गांधींकडून हरले.

बाद किंवा न मोजलेल्या मतांचा आकडा होता ७४,३३३. हरलेल्या फरकाच्या पाचपट. बाबासाहेबांचा रोख कम्युनिस्टांवर होता. तिथून कॉम्रेड डांगे उभे होते आणि दुसरं मत वाया घालवायचा प्रचार झाला, असं त्यांचं म्हणणं. आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. मतदाराला मत कुजवायला सांगणं हा भ्रष्ट मार्ग आहे, ही त्या याचिकेची बाजू. ऑक्टोबर १९५२ मध्ये ती फेटाळली गेली.

तोवर ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले होते. पण वकील म्हणून त्यांनी लेखी भूमिका घेऊन ठेवली होती. हे लक्षात ठेवा, कारण दोनच वर्षांत ही भूमिका त्यांच्याच अंगावर येणार होती.

एप्रिल-मे १९५४

भंडाऱ्यात राखीव जागेवर काँग्रेसने भाऊराव बोरकर यांना उभं केलं. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे पूनमचंद रांका होते, आणि त्यांच्यासमोर, योगायोग बघा, प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मुंबईची जोडी पुन्हा एकत्र आली.

बाबासाहेबांचं वय ६३. मधुमेह जडलेला, पाय दुखायचे, जास्त वेळ उभं राहवत नव्हतं. त्यात विदर्भातला एप्रिल-मे. ज्याने भंडारा-गोंदियाचा उन्हाळा काढलाय त्याला यापुढे सांगायला नको. तरी त्यांनी जिल्ह्यात सभा घेतल्या. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर, चीनबद्दलच्या भाबडेपणावर आणि काँग्रेसच्या कारभारावर सडकून टीका केली. नागपूर-विदर्भ हा फेडरेशनचा बालेकिल्ला होता. पक्षाची स्थापनाच १९४२ मध्ये नागपुरात झाली होती. गावोगावचे कार्यकर्ते सायकलवर आणि पायी फिरत होते.

आणि कार्यकर्त्यांना आकडेमोड येत होती. राखीव जागेची लढत अवघड आहे, कारण काँग्रेसची सवर्ण मतं बोरकरांकडे जाणार, हे दिसत होतं. समाजवाद्यांचे मतदार आपलं दुसरं मत खरंच हत्तीला देतील का, याची खात्री नव्हती. उलट आपले लोक इमानदारीने दुसरं मत मेहतांना देणार. म्हणजे आपण मेहतांना निवडून आणणार आणि आपले बाबासाहेब पडणार.

उपाय सगळ्यांना माहीत होता. दुसरं मत कुजवायचं. वस्त्यांमध्ये नुसता निरोप फिरला असता तरी पुरलं असतं. कायद्याने ते थांबवता येत नव्हतं, मुंबईची याचिका फेटाळली गेल्याने ते तर सिद्धच झालं होतं. शिवाय दोन वर्षांपूर्वी याच हत्याराने आपल्याला पाडलं होतं.

त्या काळातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत हा प्रसंग येतो. त्यांनी बाबासाहेबांकडे हा प्रस्ताव नेला आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. घटना आपण लिहायची, मताचा हक्क आपण मिळवून द्यायचा आणि मग आपल्याच लोकांना मत फेकून द्या म्हणायचं, हे होणार नाही, असा त्यांच्या नकाराचा आशय सांगितला जातो. हरलो तरी चालेल, पण दुसरं मत टाकायचं.

आता इथे थांबून जरा विरुद्ध बाजूनेही विचार करू. कार्यकर्त्यांचं चुकत होतं का? मला तसं सरसकट म्हणवत नाही. मत न देणं हाही मतदाराचा हक्क आहे. आणि लोकसभेत बाबासाहेब असणं विरुद्ध नसणं, हा काही छोटा फरक नव्हता. ज्यांनी भाकरी बांधून प्रचार केला त्यांना तत्त्वापेक्षा आपला माणूस दिल्लीच्या सभागृहात हवा होता, यात गैर काय? पण बाबासाहेबांपुढची अडचण वेगळी होती. मत कुजवणं भ्रष्ट आहे असं त्यांनी मुंबईच्या याचिकेत सांगितलेलं होतं. तेच भंडाऱ्यात केलं असतं तर १९५२ चा युक्तिवाद हा हरलेल्या उमेदवाराची कुरकुर ठरली असती. शिवाय १९३२ मध्ये ज्या दुसऱ्या मतासाठी ते येरवड्यापर्यंत भांडले, ते मत त्यांच्या दृष्टीने दुसऱ्या समाजाशी जोडणारा दोर होता.

निकाल लागला. भाऊराव बोरकर आठ हजारांपेक्षा थोड्या जास्त मतांनी जिंकले. लाखाच्या वर मतं घेऊनही बाबासाहेब हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. फेडरेशनच्या मतदारांनी शब्द पाळला होता.

पुढे काय झालं

भंडाऱ्यानंतर बाबासाहेबांनी पुन्हा लोकसभा लढवली नाही. ते राज्यसभेत बोलत राहिले. बोरकरांचं काही काळात निधन झालं आणि १९५५ मध्ये भंडाऱ्यात परत पोटनिवडणूक झाली, त्यात अनुसयाबाई बोरकर निवडून आल्या.

ज्या निकालामुळे ही पोटनिवडणूक झाली, त्यातला ठवरे यांचा प्रश्न मात्र दोनच वर्षांत मोठा होऊन समोर आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला, भंडाऱ्यापासून दीड-दोन तासांवरच्या नागपुरात, बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. महानुभाव पंथात गेलेल्या माणसाची जात कोर्टाने कायम धरली होती. बौद्ध झालेल्यांना तो आधार नव्हता, कारण अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट होती. बौद्धांचा समावेश केंद्राच्या त्या आदेशात झाला १९९० मध्ये. आदेशातली ती अट त्यांच्यासारख्या वकिलापासून लपलेली असणं शक्य नाही. तरी त्यांनी धम्म घेतला. धर्मांतरानंतर आठ आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ ला, दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्याच्या महिनाभर आधी, १ नोव्हेंबरला, भंडारा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता.

राहिली ती कायद्यातली पळवाट. १९५७ च्या निवडणुकीत आंध्रातल्या पार्वतीपुरम या दोन जागांच्या मतदारसंघात नेमकं तेच झालं. राखीव लढतीत दुसऱ्या नंबरवर राहिलेला अनुसूचित जमातीचा उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून आला, आणि पडले कोण, तर पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी, तेही काहीशे मतांनी. गिरी सुप्रीम कोर्टात गेले. १९५९ मध्ये कोर्टाने सांगितलं की कायद्याप्रमाणे निकाल बरोबर आहे. म्हणजे भंडाऱ्यात कार्यकर्ते जो हिशेब मांडत होते, तो कागदावर चूक नव्हता.

त्यानंतर संसदेने हालचाल केली. १९६१ मध्ये कायदा करून दोन जागांचे सगळे मतदारसंघ मोडले. १९६२ च्या लोकसभेला भंडाऱ्याचा मतदार केंद्रावर गेला तेव्हा त्याच्या हातात लोकसभेची एकच मतपत्रिका पडली.